गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

नाही, बाईचं वय १८ पूर्ण असेल तर फक्त तिचीच सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही, आणि लग्न झालेलं नसेल तरी आईवडिलांची नाही. १९७१ च्या एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या, कायद्यातच तसं आहे, आणि संमतीचा जो फॉर्म सी भरून घेतात त्यात नवऱ्याच्या सहीला जागाच नाहीये, तरी कितीतरी ठिकाणी 'मिस्टरांना घेऊन या' म्हणून परत पाठवतात, हे साफ चूक आहे. असं झालं तर वाद घालत दिवस घालवू नका, सरळ दुसरं मान्यताप्राप्त केंद्र नाहीतर सरकारी हॉस्पिटल गाठा, कारण २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. फक्त वय १८ च्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची लेखी संमती लागतेच.