तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : हे कमांडो आले कुठून?

प्रश्न : आमच्या गावातले पोट्टे पहाटे चार वाजतापासून रोडवर धावतात, भरतीची तयारी. त्यातल्या दोघा-तिघांना कमांडोच व्हायचं आहे. परवा पारावर वाद झाला, एक म्हणे कमांडो ही अमेरिकेची आयडिया, दुसरा म्हणे इस्रायलची. खरं काय ते सांगा न भाऊ. आणि डायरेक्ट कमांडो होता येते का? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : दोघंही हुकले. इस्रायल देश झाला १९४८ मध्ये, त्याच्या आधीच हे सुरू झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरावरून इंग्रजांची फौज तोफा-गाड्या तिकडेच टाकून जीव वाचवून आली, समोरासमोर लढायची ताकद उरली नाही, म्हणून चर्चिलच्या जोरावर किनाऱ्यांवर छापे मारायला ब्रिटिश कमांडो उभे केले. म्हणजे गरिबीतूनच निघालेली गोष्ट.

पण चार-पाच जणांनी शत्रूच्या मागे घुसायचं आणि काम करून निघायचं, ही खरी स्टोरी इजिप्तची. डेव्हिड स्टर्लिंग नावाचा २५ वर्षांचा ब्रिटिश अधिकारी, पॅराशूटच्या उडीत जखमी होऊन दवाखान्यात पडला होता, तिथंच त्यानं कागदावर प्लॅन लिहिला. मधल्या साहेबांनी तो कचऱ्यात टाकला असता, म्हणून हा बाबा कुबड्या घेऊन थेट कैरोच्या हेडक्वार्टरमध्ये कुंपणावरून घुसला, असं सांगतात. जुलै १९४१ मध्ये परवानगी मिळाली. नाव दिलं स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड, आता ब्रिगेड म्हटली की हजारोंनी माणसं, इथं शंभरही नव्हती, पण जर्मनांना वाटावं की मोठी पॅराशूट फौज आली.

पहिलाच छापा नोव्हेंबर १९४१ चा, वादळात उड्या मारल्या आणि अर्ध्याहून जास्त जण माघारी आलेच नाहीत. दुसऱ्या कोणी दुकान बंद केलं असतं. यांनी विमानातून उड्या मारणं सोडलं आणि वाळवंटातल्या वाटा ज्यांना पाठ होत्या त्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या ब्रिटिश टेहळणी तुकडीच्या ट्रकवर बसून जायला लागले. बॉम्बही स्वतःचाच. जॉक लुईस नावाच्या त्यांच्याच अधिकाऱ्यानं प्लास्टिक स्फोटकात थर्माइट (भयंकर तापून जळणारी भुकटी) आणि तेल घालून भाकरीच्या पिठासारखं मळलं, अर्ध्या किलोच्या आसपासचा गोळा, तो शत्रूच्या उभ्या विमानाच्या पंखावर ठेवायचा, आतल्या पेट्रोलसकट सगळं पेटते. पुढे जुलै १९४२ मध्ये १८ जीप रांगेत लावून, मशीनगन चालवत इजिप्तमधल्या सिदी हनेशच्या जर्मन विमानतळाच्या धावपट्टीवर घुसले. मला तर ही जीपवाली आयडिया उड्यांपेक्षा भारी वाटते.

आपल्याकडचंही ऐका. त्याच काळात विंगेट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या चिंडिट फौजेचं ट्रेनिंग १९४२ च्या भर पावसाळ्यात आताच्या मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या जंगलात झालं, तेव्हा सागर आणि आपलं वऱ्हाड एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. खेचरं घेऊन नद्या ओलांडायच्या, पूर आला तरी थांबायचं नाही, मलेरियानं पोरं पडायची, आणि १९४३ मध्ये तीनेक हजार जण ब्रह्मदेशात जपान्यांच्या मागे पायी घुसले.

स्वतंत्र भारतात १९६५ च्या लढाईत मेजर मेघसिंग यांनी काश्मीरमध्ये स्वखुशीनं आलेले जवान गोळा करून मेघदूत फोर्स केली. त्यातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो (पॅरा म्हणजे पॅराशूटनं उतरणारी तुकडी), मग १० पॅरा. १९७१ मध्ये जयपूरच्या राजघराण्याचे भवानीसिंग १० पॅराला घेऊन थरच्या वाळूतून जीप हाकत पाकिस्तानात ऐंशीएक किलोमीटर आत, सिंधमधल्या छाछरो गावाला गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं. स्टर्लिंगची जीप अशी आपल्याकडेही धावली.

आता डायरेक्टचं. आधी फौजेत भरती व्हावं लागते, मग पॅराकडे जायची तयारी दाखवायची, मग प्रोबेशन म्हणजे कसून पारख, आणि त्यात बहुतेक जण परत पाठवले जातात. उड्यांचं ट्रेनिंग आग्र्याला. पोट्ट्यांना म्हणा धावणं चालू ठेवा, पण पहिले बारावीचा फॉर्म भरा.