थोरलीला पत्र

परवा रात्री तुझा मेसेज आला की मॅडम मी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का, डेक्कनला आहे, शनिवार-रविवार असतो, मला कुणाला नाही म्हणता येत नाही आणि समोरचा जरा मोठ्यानं बोलला की माझी बोलतीच बंद होते. याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत देण्यासारखं नव्हतं म्हणून हे लांबलचक लिहितेय, वॉर्डात ड्युटीवर वाचू नकोस, रूमवर गेल्यावर वाच.

क्लास लावायचा तर लाव, पैसे तुझे आहेत. पण मला विचारशील तर तुझी पर्सनॅलिटी डेव्हलप होऊन कधीच झालीये, तू दहा-अकरा वर्षांची असशील तेव्हाच, तुमच्या गावच्या घरात. आणि ती चांगली भक्कम झालीये. अडचण एवढीच की ती त्या घरापुरती शिवलेली होती आणि तू आता दुसरीकडे राहतेस.

तू कधी सलग सांगितलं नाहीस, पण ड्युटी बदलताना ओव्हर देता घेता तुकड्या तुकड्यांत जे बोललीस त्यातून मला कळलं ते असं. दसरा झाला, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आली की आईवडील बीडहून आमच्या सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जायचे ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिल. घरी आजी, तू आणि धाकटे दोघं. आजीला डोळ्यानं कमी दिसायचं. म्हणजे दळण, पाणी, शाळेचे डबे, धाकट्याचा ताप, शेजारच्यांशी भांडण, सगळं तुझ्याकडे. तू हे हसत हसत सांगतेस, "मॅडम मी सहावीत असतानाच इन्चार्ज होते". मी पण हसले होते तेव्हा. घरी जाऊन मात्र बराच वेळ डोक्यात तेच होतं, कारण मी कऱ्हाडकडची, आमच्या रानाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या आणि माझ्याच वयाच्या पोरी पहाटे उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करताना मी बघितल्यात. आम्ही शाळेत जायचो, त्या आमच्याकडे बघायच्या. ज्यांना गावी ठेवून आलेले असायचे ती पोरं आम्हाला कधी दिसली नाहीत, आणि आमच्यात कुणी त्यांची चौकशी केल्याचंही मला आठवत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात "दुखतंय" असं कुणी म्हणायचं नाही. हे तूच मला सांगितलंस, गेल्या पावसाळ्यात तुला टायफॉईड झाला आणि तू अंगात ताप घेऊन दोन ड्युट्या काढल्यास तेव्हा. मी चिडले तर म्हणालीस आमच्याकडे सवय नाही सांगायची. बरोबर आहे, नसणारच. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर मुकादम खाडा लावणार, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड अंगावर. अशा घरात आईनं पोट दुखतंय म्हटलं तर त्याचा अर्थ पैसे गेले असा होतो. मग ती म्हणत नाही. ती म्हणत नाही म्हणून तू म्हणायला शिकली नाहीस. यात कुणाचा स्वभाव वगैरे काही नाही गं, सरळ हिशोब आहे. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी केली तर त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपण नर्स आहोत, त्या आकड्यातलं किती खरंच गरजेचं असेल याचा अंदाज आपल्याला येतो. दुखणं बोलायची सोय नसली की ते असं कुठंतरी जाऊन निघतं.

पण आपल्या वॉर्डात खाडा नाही ना. इथं सिक लीव्ह आहे, ती तुझ्या हक्काची आहे आणि मी ती मंजूर करायला बसलेय. तुझं अंग अजून मुकादमालाच घाबरून चालतंय.

हेच नाईटला पण होतं. नऊ नंबरच्या पेशंटचं बीपी खाली यायला लागलं त्या रात्री तू काय काय केलंस ते मी चार्टवर बघितलं, सगळं व्यवस्थित, पाय वर केलेस, लाईन बघितलीस, परत परत बीपी घेतलंस, एकेक नोंद वेळेसकट. फोन मात्र बऱ्याच उशिरा केलास. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, उठवायचं जिवावर आलं, हो ना? तुझ्या लहानपणी रात्री अडीचला उठवण्यासारखं मोठं माणूस घरात नव्हतंच, आजीला उठवून उपयोग नव्हता, मग आधी आपल्यालाच जे सुचेल ते करायचं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं, ही तुझी पद्धत. तेव्हा त्या पद्धतीनं तुम्ही तिघं तगलात. इथं ती पेशंटला महागात पडू शकते. म्हणून हे एक डोक्यात पक्कं कर: फोन आधी, बाकीचं फोन स्पीकरवर ठेवून. डॉक्टर वैतागला तर वैतागू दे, झोपमोड व्हायचाच त्याला पगार आहे.

आणि मोठा आवाज. तू सांगितलं होतंस की सीझन अर्धवट सोडून तुझे वडील एकदा परत आले होते आणि मुकादम दारात येऊन उचलीच्या पैशावरून शिव्या देत होता, वडील खाली मान घालून उभे आणि तू दाराआड धाकट्याच्या तोंडावर हात ठेवून. त्या वेळी गप्प राहणं हेच शहाणपण होतं, बोललं असतं तर वाढलं असतं. पण आता पेशंटचा भाऊ ओरडला काय किंवा सर राउंडला खेकसले काय, तू तशीच होतेस, चेहरा मख्ख, मान खाली, आणि मग समोरचा जे म्हणेल त्याला हो. तुला मी भांडायला सांगत नाहीये, भांडखोर स्टाफ माझ्याकडे भरपूर आहे. तू फक्त एक वाक्य पाठ कर, "थांबा, मी लिहून घेते", आणि खरंच पेन काढ. लिहून घ्यायला लागलं की ओरडणाऱ्याचा आवाज निम्मा होतो, हा माझा अनुभव आहे, आणि तेवढ्यात तुला श्वास पण मिळतो.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मॅडम माझं घरच वाईट होतं म्हणतायत. अजिबात नाही. पेशंटनं बेल वाजवायच्या आधी तू कॉटजवळ असतेस ते कुठून आलं? वॉर्डातल्या कामाच्या मावशी आणि मामा लोक तुझं काम आधी करतात, कारण तू त्यांच्याशी जशी बोलतेस तसं बीएस्सी करून आलेल्या निम्म्या पोरींना बोलता येत नाही. महिनाअखेरीला वॉर्डात कॉटन संपत आलं की तू आठवडाभर आधी सांगतेस. ते त्याच घरातून आलं, डब्यात किती पीठ उरलंय बघून पुढचे दिवस मोजणाऱ्या पोरीकडून. हे टाकून द्यायचं नाहीये.

हवाईमधल्या कवाई नावाच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांना एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईनं आणि तिच्या टीमनं मोठं होईपर्यंत, पार चाळिशीपर्यंत फॉलो केलं होतं. त्यातली बरीच गरिबीतली, घरात दारू, भांडणं, आजारपणं अशी. अशा धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही छान मोठी झाली, आणि त्यांच्यात एक गोष्ट परत परत दिसली की घरात किंवा आसपास निदान एक माणूस असं होतं ज्याला हे पोर हवं होतं, आईवडीलच असं नाही, आजी, मावशी, शिक्षक कुणीही. तुझ्याकडे आजी होती. डोळ्यानं दिसत नसताना तुझ्या वेण्या घालायची म्हणालीस ना? ते फार मोठं काम होतं गं. आणि एक लक्षात घे, धाकट्यांसाठी तसं माणूस तू होतीस. तुला स्वतःला मात्र लहान असायची पाळी फारशी आली नाही, म्हणून कुणी तुझ्यासाठी काही केलं की तू कावरीबावरी होतेस. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तुला गरम पोळी वाढली तर तू उठून उभीच राहिलीस. बसून जेवत जा. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं उभ्यानं खायची आता गरज नाही, कॅन्टीन अकरापर्यंत चालू असतं.

आता पैसे, यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रात एक गोष्ट आहे, तुला माहीत असेल. भीमरावांना पुस्तक हवं असलं आणि रामजी सुभेदारांकडे पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकीकडे जायचे, तिच्याकडेही रोकड नसली तर तिचा दागिना घेऊन गहाण टाकायचे आणि पुस्तक आणायचे. ही गोष्ट आपण बापाच्या तळमळीची म्हणून सांगतो, आणि आहेच. पण मला त्यातल्या दोन गोष्टी नेहमी दिसतात. एक, दागिना देणाऱ्या बहिणी, मंजुळा आणि तुळसा, त्यांची नावं किती जणांना येतात? दुसरी, पेन्शन हातात आली की रामजी तो दागिना सोडवून लेकीला परत नेऊन द्यायचे. लेकीचं ते लेकीचं, हे त्या माणसाच्या डोक्यात पक्कं होतं.

तू पगारातले बहुतेक सगळे पैसे घरी पाठवतेस. भावाच्या डिप्लोमाची फी, घराचा पत्रा, मागच्या उचलीतली बाकी. पाठव, मी कोण नको म्हणणार, तुझ्या जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, फी पण उचलीतूनच भरली होती आणि ते तुला टोचत असतं. पण याला काहीतरी शेवट ठेव. वहीत लिही की फीचे एवढे, ते अमुक महिन्यात फिटले, आता मदत करायची ती फेड म्हणून नाही, इच्छेनं. आणि भावाला स्पष्ट सांग की तिसऱ्या वर्षाची निम्मी फी त्यानं सुट्टीत काम करून उभी करायची. तुला वाटतं त्याला जड जाईल. जाऊ दे की! पुण्यात रूम करून राहिला आणि चहा सुद्धा करता येत नाही, हे तुझ्याच मायेचं फळ आहे, आणि उद्या त्याची बायको तुलाच बोल लावेल. तुझ्या स्वतःच्या नावावर महिन्याला दोन हजार तरी राहिले पाहिजेत, पोस्टात टाक, आरडी काढ, कुणाला सांगू नकोस. आईला पण नको, निदान सध्या.

आईवरून आठवलं. तू तिच्याशी फोनवर मिनिटभराच्या वर बोलत नाहीस आणि ठेवल्यावर तासभर गप्प असतेस. तू तिच्यावर रागावलेली आहेस, आणि असं वाटतं म्हणून परत स्वतःवरच रागावतेस, कारण ती तुमच्यासाठीच राबली. दोन्ही एकदम असू शकतं, त्यात पाप काही नाही. ती तुला सॉरी म्हणेल अशी वाट बघू नकोस, त्या पिढीतल्या बायका ते शब्दात म्हणत नाहीत, डब्यात चटणी घालून पाठवतात. तू तिला जाब विचारण्यापेक्षा साधं काहीतरी विचार, की फडात असताना रात्री तुम्ही काय बोलायचा, आमची आठवण कधी जास्त यायची, पहिल्यांदा मला ठेवून गेलीस तेव्हा माझं वय काय होतं. एखादवेळी ती टाळेल. एखादवेळी इतकं बोलेल की तुझा बॅलन्स संपेल.

शेवटची गोष्ट बहिणीची, ती अर्जंट आहे. सोळा वर्षांची आहे आणि स्थळ आलंय म्हणालीस, मुलाकडच्यांना सीझनच्या आत उरकायचंय. घाई कशासाठी आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना कोयता पुरा करायचाय. आणि आईवडिलांची भीती पण खोटी नाही, सहा महिने वयात आलेली पोर घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची. म्हणून नुसतं "लग्न करू नका, कायदा आहे" म्हणून भागणार नाही. तिला राहायला सुरक्षित जागा कुठे, हे उत्तर घेऊन घरी जा. तालुक्याला मुलींचं हॉस्टेल आहे का बघ, हंगामी वसतिगृहाची चौकशी तिच्या शाळेत कर, नाहीतर तुझ्याकडे अकरावीला आण, तुम्ही तिघी राहता त्या रूमच्या मालकिणीशी मी बोलते. तरीही ऐकलंच नाही तर 1098 वर, मुलांच्या हेल्पलाईनला, फोन करायचा, तू करायचास, आणि त्या वेळी मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. आणि हो, तिला फोनवर रोज झापू नकोस. तू तिची आई नाहीयेस, ती दहावीत पडली तर तो तुझा रिझल्ट नाही.

रजेचं सांगते. आईवडील या महिन्याच्या शेवटी निघतील त्याआधी तुला चार दिवस लागतील, अर्ज वीस तारखेच्या आत दे कारण त्यानंतर रोस्टर फायनल होतं आणि मग मला कुणाची तरी मनधरणी करावी लागते. येताना आईला घेऊन ये, एक दिवसासाठी का होईना. तिचं पोट दुखतं ते तू दोन वर्षं नुसतं सांगतेयस. मंगळवारी गायनॅकची ओपीडी असते, सकाळी साडेआठला आणलंस तर केसपेपर मी काढून ठेवते. ती नको म्हणेल, खाडा पडेल म्हणेल. निघायच्या आधीच आण म्हणजे ते कारणच उरत नाही.