आधी डबे उघडून बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीला रुजू झालीस, तळमजल्यावरची खोली मिळाली आणि पुढे लहानसं अंगणही आहे, हे वाचून बरं वाटलं. सामानाची यादी वाचून मात्र हसू आलं. एकटीच्या स्वयंपाकाला ऑरिगॅनोपासून तिळाच्या सॉसपर्यंत एवढ्या बाटल्या कशाला गं? पदार्थ आधी ठरवायचा आणि त्याच्यासाठी बाजार पालथा घालायचा, ही हॉटेलवाल्यांची रीत. घरी आधी डबे उघडून बघायचे, अंगणात डोकवायचं, मग सुचतं.

डाळीचं पीठ, दाण्याचं कूट, आमसुलं, गूळ आणि फोडणीचा डबा भरलेला असला की अडत नाही. सकाळची कणीक उरली? वरणफळं कर. कणीक पाणी ओढून घेते, म्हणून आमटी नेहमीपेक्षा पातळ ठेव. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे काप आणि आमटी खळखळ उकळत असतानाच एकेक सोड. थंड आमटीत एकदम लोटलेस तर लगदा होईल. वरून तूप, आणि ताटलीत वाढून घेऊन बसून खा. ओट्याशी उभ्याने, एका हातात मोबाइल धरून नको.

पोळ्याच उरल्या असतील तर फोडणीची पोळी. पण त्या हातानेच कुस्कर. मिक्सरमध्ये फिरवल्या की भुगा होतो आणि दाताखाली काही येत नाही. दोडक्याची भाजी करशील तेव्हा शिरा टाकू नकोस. थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि मिरचीबरोबर वाटल्या की चटणी झाली. मला तर मूळ भाजीपेक्षा हीच आवडते.

आता अंगण. तुमच्याकडे जांभ्याची जमीन, वर माती बेताचीच, आणि पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. आत्ता कोथिंबीर, मेथी पेरलीस तर पहिल्या झोडपणीतच वाहून जाईल. ते नवरात्रानंतर बघू. धणे तेव्हा लाटण्याने रगडून दोन दळं करून पेर. सध्या पावसात जोर धरणारं लाव. मायाळूची काडी खोचली तरी रुजते, वेल खिडकीच्या गजांवर चढव. पानांच्या ओव्याचंही तसंच, आणि दोन्हींच्या पानांची भजी होतात. कढीलिंब गुडघ्याएवढा झाला की शेंडा खुड, म्हणजे फांद्या फुटतील, नाहीतर नुसता काठीसारखा वर जाईल.

अळू लावशीलच, कोकणात ते टळत नाही. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खाजतो. चिरताना हाताला तेल लाव, फदफद्यात आमसूल किंवा चिंच घाल आणि पूर्ण शिजेपर्यंत चव बघायला चमचा तोंडात घालू नकोस. हरभऱ्याची डाळ आणि दाणे विसरू नकोस. त्यांच्याशिवाय तो नुसता हिरवा चिखल.

ही सगळी झाडं मागे नाही, पुढेच लाव, रस्त्यावरून दिसतील अशी. कुणी कढीलिंबाची डहाळी मागायला येईल, पुढच्या वेळी चार भेंड्या देऊन जाईल. नव्या गावात ओळखी अशाच होतात. ऑफिसातल्या ओळखी ऑफिसातच राहतात. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर लगेच औषध आणायला धावू नकोस. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघ, नाही हटला तर फांदी कापून दूर टाक.

गवती चहाचा ठोंब इकडून एस.टी.ने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. मुळं ओल्या फडक्यात बांधीन. पोचला की त्याच संध्याकाळी लाव, पाती वीतभर ठेवून वरची कापून टाक, आणि कापलेली चहात घाल. आलं थोडं ठेचून टाकलंस तर आणखी बरं.

तुझी,
काकू