किलिमांजारो चढताना वाटेत काय काय दिसतं? शिखर गाठता आलं नाही तर जाणं वाया जातं का?

अजिबात नाही. उलट मी म्हणेन, तिथे पाहण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं शिखराच्या अलीकडेच आहे. शेवटची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट आणि पायाखालची घसरडी खडी, एवढंच काय ते दिसतं.

मी माचामे मार्गाने गेलो होतो, म्हणून त्याच वाटेचं सांगतो. सुरुवात दाट पावसाळी जंगलातून होते. फांद्यांवरून शेवाळ लोंबत असतं, वरच्या फांद्यांत काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतात. चिखल भरपूर. 3000 मीटरच्या आसपास झाडं बुटकी होतात आणि धुकं हटलं की समोर किबो, म्हणजे किलिमांजारोचा मुख्य सुळका, उभा असतो.

किलिमांजारो म्हणजे खरं तर तीन ज्वालामुखी: शिरा, मावेन्झी आणि किबो. सगळ्यात जुना शिरा कोसळून, झिजून पठार झालाय, आणि आपला मुक्काम त्याच पठारावर पडतो. मावेन्झीचे उरलेत नुसते कातीव सुळके. हे दोघे मृत, किबो मात्र निद्रिस्त आहे. त्याच्या विवरातून अजून गंधकाचा वास असलेले वायू निघतात. 5895 मीटरचं उहुरू, म्हणजे किलिमांजारोचं सर्वोच्च शिखर, याच किबोच्या विवराच्या कडेवर आहे. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो जमिनीच्या भेगांतून पसरून थरांवर थर साचलेला. इथे एकेका मुखाभोवती डोंगर उभा राहिलाय, हा फरक चालताना सतत जाणवतो.

सगळ्यात मनात भरला तो लाव्हा टॉवर ते बारांको हा टप्पा. लाव्हा टॉवर म्हणजे ज्वालामुखीच्या नळीतच थिजलेला लाव्हा. भोवतालचा मऊ भाग झिजला आणि हा सुळका राहिला. इथे तुम्ही सुमारे 4600 मीटरवर असता, डोकं ठणकायला लागतं. मग त्याच दिवशी 3900च्या आसपास उतरून मुक्काम. चढलेलं उतरायचं जिवावर येतं, पण शरीर विरळ हवेला सरावतं ते अशानेच.

आणि उतरताना बारांकोच्या दरीत ती झाडं भेटतात! डेंड्रोसेनेसिओ हे तिथलं झाड माणसाच्या कितीतरी वर जातं. वाळलेली पानं ते गाळत नाही, खोडाभोवती तशीच गुंडाळून ठेवतं, थंडीपासून बचाव म्हणून. शेजारच्या लोबेलियाची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या पानांच्या गुच्छात पाणी साठतं, रात्री त्याचा वरचा थर गोठतो आणि आतला कोंब बर्फाखाली सुरक्षित राहतो. पहाटे तंबूतून उठून हे नक्की बघा. विषुववृत्ताजवळ दिवसा ऊन, रात्री गोठवणारी थंडी, आणि ही झाडं रोज ते निभावतात. मला त्यांच्यापासून हलवेना.

पुढे बारांकोची भिंत. हात टेकवत चढावी लागते, पण दोर लागत नाही. पुढच्या काराँगा मुक्कामापासून वर सगळं करडं वाळवंट.

विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटला पहाटे पोहोचलात, तर मावेन्झीमागून सूर्य वर येतो आणि हिमनद्यांच्या उभ्या भिंती उजळतात. त्या बघून आनंद होतो आणि पोटात तुटतंही. 1912 पासून इथला 80 टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय.

आता तुम्हाला आग्रहाने सांगायचं ते दिवसांबद्दल. माचामे सहा दिवसांतही करतात, तुम्ही सात घ्या. वाढलेल्या दिवसाने शरीराला वेळ मिळतो आणि बारांको घाईत मागे पडत नाही. वाटाड्या ‘पोले पोले’ म्हणतो तेव्हा खरंच सावकाश चाला. त्याने खाली उतरायला सांगितलं तर वाद घालू नका. परवानाधारक वाटाड्या सक्तीचाच आहे, पण कंपनी ठरवताना हमालांना मजुरी किती देतात आणि 20 किलोची वजनमर्यादा पाळतात का, हेही विचारा. तुमचा तंबू, जेवण, पाणी सगळं त्यांच्या डोक्यावरून वर जातं.