वाचकांचे प्रश्न : रेंज घटली, प्लग तापला

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी ३ किलोवॉट-तासांची आहे. माहितीपत्रकात रेंज १२० किमी दिली आहे, मला जेमतेम ८० मिळते. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही, पण अंदाजाने ठरवू नका, मोजा. १२० किमीचा हिशेब दर किलोमीटरला २५ वॉट-तास असा होतो, तुमचा साडेसदतीसवर जातो. हा फरक वेगामुळेही पडतो. ताशी ४० ऐवजी ६०ने गेलात की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. त्यात चढ, मागे बसलेला माणूस आणि कमी हवेचे टायर यांची भर.

बॅटरी तपासायची तर प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर घ्या. बॅटरी पूर्ण भरा, २० टक्क्यांपर्यंत चालवा, मग या मीटरमधून पुन्हा १००पर्यंत चार्ज करा. बॅटरीत २.४ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) जायला हवेत. चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के उष्णतेत जातात, म्हणून मीटरवर साधारण २.७ दिसले पाहिजे. तेवढे दिसले तर बॅटरी धडधाकट आहे, खर्च रस्त्यावर होतोय. आकडा २.१च्या आसपास अडकला तर क्षमता पाऊणपटीवर आली असे समजा आणि वॉरंटीचे कागद काढा.

एक गोम आहे. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर चार्ज कमी होत गेला तरी व्होल्टेज बराच वेळ जवळपास तेवढेच राहते, त्यामुळे स्क्रीनवरचे टक्के चुकू शकतात. पूर्ण चार्ज केल्यावर गणित जुळते. तेव्हा ही चाचणी दोनदा करा आणि दुसरा आकडा धरा.

खर्च रस्त्यावर होतोय असे दिसले तर आधी टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी भरा. मग स्कूटर मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचला आणि हाताने फिरवा. लगेच थांबले किंवा घासल्याचा आवाज आला तर ब्रेक चिकटतोय. मागच्या चाकात हब मोटर असेल तर ते चुंबकांमुळे तसेही अडखळत फिरते, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : स्कूटरचा चार्जर फक्त ७५० वॉटचा आहे, तरी प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो. इस्त्री लावली तर एवढा तापत नाही.

उत्तर : इस्त्री थर्मोस्टॅटवर थांबत-थांबत चालते, चार्जर सलग चार-पाच तास. २३० व्होल्टवर ७५० वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर, वायरला हे काहीच नाही. तापतो तो सैल सांधा. पिन आणि सॉकेटच्या पत्तीमध्ये अर्धा ओहम जरी रोध आला, तरी त्या टिचभर जागेत पाच वॉटहून जास्त उष्णता साठत राहते. पत्ती तापून आणखी सैल होते, रोध वाढतो, आणि शेवटी प्लास्टिक काळे पडते.

चार्जिंग बंद करा, एमसीबी (त्या लाइनचा सुरक्षा-स्विच) पाडा आणि वायरमनकडून चांगले १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घ्या. पिन काळवंडली असेल तर चार्जरचा प्लगही बदला, नाहीतर ती नवे सॉकेटही खाईल. एक्स्टेंशन बोर्ड नकोच. नाइलाजाने वापरलात तर गुंडाळी पूर्ण सोडा, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही.

प्रश्न : छतावर सोलर आहे, ऊन लख्ख पडलेले असते, पण वीज गेली की घरातही अंधार. मग उपयोग काय?

उत्तर : ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला धक्का बसेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. खर्च मोठा आहे; वीज क्वचित जात असेल तर आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : मोबाइलचा चार्जर प्लगमध्येच राहतो. किती वीज वाया जाते?

उत्तर : आधुनिक चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आत घेतो, म्हणजे वर्षभरात एक युनिटही नाही. त्यापेक्षा सेट-टॉप बॉक्सकडे बघा. तो स्टँडबायवर १० वॉट खात असेल तर वर्षाला ८७ युनिट होतात. त्याचे बटण भिंतीवरून बंद करा.