दोन लिटर औषध पुरेल का?

प्रश्न : माझ्या आईची (वय ६७) कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, ठरली आहे. मागच्या वेळी आदल्या संध्याकाळी आतडे साफ करण्याचे चार लिटर औषध सलग प्यायल्याने तिला उलट्या झाल्या आणि आतडे नीट साफ न झाल्यामुळे तपासणी अपुरी राहिली. या वेळी दोनच लिटर औषध, तेही दोन भागांत घ्यायला सांगितले आहे. तिला बद्धकोष्ठता आहे आणि मूत्रपिंडांचे कार्यही थोडे मंदावले आहे. निम्मे औषध पुरेल का?

उत्तर : बहुतेक रुग्णांना दोन लिटर औषध पुरते, कारण ते किती घेतले याइतकेच ते केव्हा घेतले यालाही महत्त्व असते. संध्याकाळीच सगळे औषध संपवले, तर रात्रभरात लहान आतड्यातून येणारा पित्तमिश्रित चिकट द्रव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात साचतो आणि नेमक्या याच भागातले चपटे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरील वाढी) त्याखाली झाकले जातात. म्हणून अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवण्याची पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. पहाटे उठावे लागले, तरी हा दुसरा भाग चुकवू नये.

मात्र आपल्या आईंच्या बाबतीत मी थोडा थांबून विचार करीन. जुनी बद्धकोष्ठता आणि आधीची अपुरी तपासणी, या दोन्ही गोष्टी असलेल्या रुग्णांना बरेचदा जास्त औषध लागते. चार लिटरच, पण दोन भागांत विभागून दिले तर अनेकांना सोसते. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना माहीत आहेत ना, हे तपासणीपूर्वी अवश्य विचारा.

मूत्रपिंडांचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. क्षारयुक्त पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे आतडे साफ करण्याचे औषध आतड्यातून जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल त्याने फारसा ढळत नाही. याउलट सोडियम फॉस्फेट या दुसऱ्या औषधामुळे मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते, आणि मूत्रपिंड दुबळे असताना मॅग्नेशियमयुक्त औषधांतील मॅग्नेशियम रक्तात साचू शकते. म्हणून निरनिराळ्या औषधांची तुलना केवळ लिटरच्या आकड्यावरून करू नये, आणि पाकीट बदलून मिळाले तर त्यावरील घटक डॉक्टरांना वाचून दाखवल्याशिवाय ते घेऊ नये. दोन लिटरच्या काही औषधांत ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) असते. मूत्रपिंडाचा विकार तीव्र असल्यास किंवा जी६पीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असल्यास तेही टाळावे लागते. कमी मात्रेच्या औषधासोबत सांगितलेले पाणी किंवा इतर पारदर्शक द्रव पूर्ण प्यावेत, आणि बिसाकोडिल या रेचकाच्या गोळ्या मात्र स्वतःहून वाढवू नयेत.

शौचाला पिवळसर, आरपार दिसणारे पाणी होऊ लागले, की आतडे साफ झाले असे समजावे. मळमळ वाटल्यास अर्धा तास थांबून, थंड केलेले औषध लहान घोटांनी पुन्हा सुरू करावे. उलट्या थांबल्याच नाहीत, चक्कर आली किंवा पोट फुगून दुखू लागले, तर औषध बंद करून लगेच डॉक्टरांना कळवावे.