वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू ठेवले तर नेटचा स्पीड दुप्पट होतो का?

नाही होत. घरचं वायफाय ४० एमबीपीएसचं आणि सिमवर २० मिळतंय, म्हणून फोनला ६० मिळतील असा हिशेब बसत नाही. वायफाय जोडलं की फोन जवळजवळ सगळं काम तिकडून करतो, डेटा नुसता तयारीत असतो.

कारण साधं आहे. वायफायवर फोनचा आयपी पत्ता (नेटवरची फोनची ओळख) वेगळा, सिमवर वेगळा. एका पत्त्यावरून मागवलेला माल सर्व्हर अर्धा दुसऱ्या पत्त्यावर पाठवत नाही. त्याच्या लेखी तो निराळाच गिऱ्हाईक. यावर मल्टिपाथ टीसीपी नावाचा तोडगा आहे, त्यात एकच जोडणी दोन्ही वाटांनी चालते. अ‍ॅपलनं २०१३ मध्ये आयओएस ७ च्या वेळी आयफोनमधल्या सिरी या बोलक्या मदतनिसासाठी तो वापरला. पण सर्व्हरकडंही ती सोय लागते, आणि बहुतेकांकडं ती नाही. २०१४ च्या गॅलेक्सी एस५ मध्ये डाउनलोड बूस्टर होतं. ३० एमबीपेक्षा मोठी फाइल तुकडे करून दोन्हीकडून उतरवायचं. आज काही रिअलमी, वनप्लस फोनमध्ये ड्युअल चॅनल म्हणून असाच पर्याय मिळतो. तो चालू केला तर सिमवरचा रोजचा दीड जीबी कधी उडाला ते कळायचं नाही.

मग दोन्ही चालू ठेवायचे कशाला? तर खंड पडू नये म्हणून. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत मातीच्या भिंती हातभर जाड. राउटर माजघरात, आणि केळीच्या व्यापाऱ्याचा हिशेब चाललाय ओट्यावर. तिथं वायफायची एकच कांडी उरते, फोन तिलाच चिकटून बसतो आणि पेमेंटचं चक्र फिरत राहतं. अशा वेळी सॅमसंगमधलं ‘स्विच टू मोबाइल डेटा’ किंवा आयफोनमधलं ‘वाय-फाय असिस्ट’ चालू असेल तर फोन आपणहून सिमवर जातो. नसेल तर सरळ वायफाय बंद करा, वाट पाहत बसू नका. लाइट गेली की राउटर बंद पडतो, तेव्हाही डेटा चालू असलेला बरा. व्हिडिओ क्षणभर अडखळून पुढं जातो. अर्ध्यावरचं पेमेंट मात्र अडकू शकतं, म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी खातं बघा. (यूपीआय नव्यानं जोडताना जाणारा एसएमएस सिमवरूनच जातो, तिथं वायफाय कितीही फास्ट असो, उपयोग नाही.)

दोन्हींचा वेग खरोखर जोडायचाच असेल तर स्पीडिफाय नावाचं अ‍ॅप आहे. ते दोन्ही वाटांनी डेटा स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन तिथं एकत्र करतं. पण ते व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा मधल्या सर्व्हरवरून फिरवणारं असल्यामुळं काही बँकांची अ‍ॅप्स कुरकुर करतात. यूट्यूब बघण्यासाठी एवढी उठाठेव मी तरी करणार नाही.

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह’ बहुधा आधीपासून चालूच असतं. त्यामुळं वायफायवरून सिमवर उडी पटकन होते, थोडी बॅटरी जाते. गावात सिमची रेंजच धड नसेल तर ते बंद केलं तरी चालेल.